पत्र्याच्या खोलीतला शब्दमहर्षी

(द्वितीय वर्ष, कला)

ॲडाप्ट, ॲडेप्ट आणि ॲडॉप्ट हे तीन इंग्रजी शब्द केवळ विद्यार्थ्यांचा छळ मांडण्यासाठीच जन्माला आले असावेत, असे परीक्षेच्या आदल्या रात्री कुणालाही वाटेल. तिघांची सुरुवातीची अक्षरे एक, शेवटची अक्षरे एक, मधल्या एका स्वरापुरता काय तो फरक. आणि अर्थ मात्र तीन दिशांना तोंडे करून बसलेले. पहिल्याचा अर्थ जुळवून घेणे, दुसऱ्याचा निष्णात, तिसऱ्याचा दत्तक घेणे. घोकून पाठ करावे तर सकाळी उठेपर्यंत तिघांनी आपापसांत जागा बदललेल्या असतात. परंतु ग्रंथालयातील मोठा इंग्रजी कोश उघडून त्यांचे कूळ पाहिले की गोंधळ पुष्कळसा निवळतो. तिघांच्याही आरंभी लॅटिनमधला एकच उपसर्ग आहे. त्याचा अर्थ 'कडे' किंवा 'प्रत'. पहिल्यात त्याच्या पुढे योग्य, जुळता अशा अर्थाचा शब्द येतो. तिसऱ्यात निवडण्याचा धातू येतो, म्हणजे आपल्यासाठी निवडून घेणे ते दत्तक घेणे. दुसरा शब्द सर्वांत मजेदार आहे. त्याचा मूळ अर्थ 'पोचलेला', 'ज्याने मिळवले आहे असा'. हलक्या धातूचे सोने करण्याचे गुपित आपल्याला साधले आहे असे सांगणाऱ्या किमयागारांना हा शब्द लावीत. आपल्याकडे 'सिद्ध' हा शब्द ज्या वाटेने गेला, जवळजवळ त्याच वाटेने हाही गेला.

या उपसर्गाची आणखी एक गंमत आहे. संस्कृतात उत् आणि चार मिळून उच्चार होतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन होतो. तसाच हा लॅटिन उपसर्गही पुढच्या व्यंजनाचे रूप घेतो. म्हणून ॲक्सेप्टमध्ये दोन सी, अफर्ममध्ये दोन एफ, अनाउन्समध्ये दोन एन. ही दुहेरी अक्षरे म्हणजे इंग्रजांचा लहरीपणा असे आम्ही समजत होतो. तो संधीचा नियम निघाला! मला तरी हे वाचून परक्या घरात अचानक ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

वर सांगितलेले सारे शब्द एकाच पुस्तकात, १८८४ सालच्या आरंभी, प्रसिद्ध झाले. ते ज्याला आज ऑक्सफर्ड इंग्रजी कोश म्हणतात त्याचा पहिला भाग होता. ३५२ पाने, किंमत साडेबारा शिलिंग. आणि इतक्या पानांत मजल कुठवर, तर 'ए' या अक्षरापासून 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत! हा भाग ज्यांनी संपादित केला ते जेम्स मरे एका खेड्यातल्या शिंप्याचे चिरंजीव होते आणि परिस्थितीमुळे त्यांना चौदाव्या वर्षी शाळा सोडावी लागली होती. ज्या घरात पंचांगाशिवाय दुसरे पुस्तक नव्हते अशा घरातून कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला या माणसाविषयी कुतूहल वाटले नसते तरच नवल.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर हॉइक नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच्या डेनहोम या खेड्यात ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. वडील थॉमस मरे कपडे शिवीत. घरात धर्मनिष्ठा होती, कष्ट होते, पैसा नव्हता. जेम्सला लहानपणापासून अक्षराचे वेड. दगड, झाडे, पाखरे, जुनी नाणी, परक्या लिपी, जे दिसेल ते शिकायचे. गावच्या गायींनी लॅटिन हाकेला ओ द्यावी म्हणून तो त्यांना शिकवीत असे, असे सांगतात. गायींनी लॅटिन उचलले नाही. त्याने मात्र उचलले. शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. सतराव्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. त्या गावात जेम्स मरे नावाची माणसे पुष्कळ, म्हणून त्याने स्वतःच आपल्या नावात ऑगस्टस आणि हेन्री अशी दोन नावे घालून घेतली. ज्याच्या बापाने नाव एवढेच ठेवले आहे त्याने आणखी दोन नावे आपल्या हिमतीवर मिळवावीत, ही गोष्ट मला फार आवडली.

त्याच सुमारास उच्चारशास्त्राच्या ओढीने ते एडिंबरोला मेल्व्हिल बेल यांच्याकडे गेले. तिथे बेल यांच्या मुलाशी त्यांची गट्टी जमली. त्या मुलाला विजेचे पहिले पाठ मरे यांनी दिले. तो मुलगा पुढे टेलिफोनचा जनक म्हणून जगाला माहीत झाला.

१८६२ मध्ये मरे यांनी मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी लग्न केले. दोन वर्षांनी मुलगी झाली, ती वाचली नाही. मॅगीला क्षयाने गाठले होते. स्कॉटलंडचा हिवाळा तिला सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मरे मुख्याध्यापकी सोडून तिला लंडनला घेऊन आले आणि एका बँकेत कारकून झाले. ती बँक चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. हिच्या शाखा मुंबई-कलकत्त्यात होत्या. आकडे लिहिण्यात दिवस जाऊ लागले. एवढे करूनही मॅगी वाचली नाही. मूल गेले, बायको गेली, आवडीचे काम गेले. वय अठ्ठावीस.

अशा वेळी माणसे दारूला लागतात किंवा देवाला लागतात. मरे पुन्हा भाषांना लागले. १८६६ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियममधील नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला येणाऱ्या भाषांची त्यात दिलेली यादी वाचताना दम लागतो. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, लॅटिन चांगल्या परिचयाच्या. पोर्तुगीज, डच, जर्मन, डॅनिश कामापुरत्या. हिब्रू आणि सिरिअ‍ॅक जुना करार सहज वाचण्याइतक्या. शिवाय तुलनेसाठी फारसी आणि संस्कृत यांचाही अभ्यास चालू. आणि निकाल काय? नोकरी मिळाली नाही! बँकेतला कारकून पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसला. अर्जाला नकार येणे म्हणजे काय हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगायला नको.

१८६७ मध्ये त्यांचा दुसरा विवाह एडा रुथव्हेन हिच्याशी झाला. पाठराखा म्हणून वराशेजारी उभा होता तो टेलिफोनवाला ग्रॅहम बेल. वधूचे वडील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत होते, म्हणजे १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी जिने सोडली त्याच कंपनीच्या. या एडाबाईंविषयी चरित्रकार एखाददुसरे पान लिहून पुढे जातात, ते मला पटत नाही. पुढे अकरा मुलांचा संसार, अपुरे पैसे आणि घरात शिरलेला कोश हे तिन्ही त्यांनी ओढले. नवऱ्याचा पत्रव्यवहार सांभाळला, हिशेब ठेवले आणि तो खचला की त्याला पुन्हा उभे केले. सहा मुलगे आणि पाच मुली. एकूण एक मुले वाढून मोठी झाली. त्या काळात ही गोष्ट कोशाइतकीच अवघड होती.

मरे १८६८ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीचे, म्हणजे भाषाभ्यासकांच्या मंडळाचे सदस्य झाले. १८७० पासून लंडनबाहेरच्या मिल हिल शाळेत शिकवू लागले. १८७३ मध्ये आपल्या मुलखातल्या स्कॉट बोलीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. जी बोली बोलल्याबद्दल शहरी माणूस हसतो तिचे उच्चार, तिचे व्याकरण, तिचा इतिहास त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडला आणि विद्वानांनी त्याला मान दिला. त्याच वर्षी त्यांनी लंडन विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली. वय छत्तीस!

आता कोशाकडे वळू. १८५७ मध्ये या मंडळापुढे रिचर्ड ट्रेंच नावाच्या धर्मोपदेशकाने दोन व्याख्याने दिली आणि तोवरच्या इंग्रजी कोशांतील उणिवा दाखवून दिल्या. (मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली तेही हेच वर्ष.) ट्रेंच यांचे म्हणणे असे की कोशकाराने चांगले शब्द निवडून वाईट टाकून द्यायचे नसतात. तो न्यायाधीश नव्हे, इतिहासकार आहे. प्रत्येक शब्द भाषेत कधी आला, अर्थ बदलत कसा गेला आणि मेला असेल तर कधी, हे त्याने पुराव्यानिशी सांगावे. पुरावा म्हणजे छापील ग्रंथांतील वाक्ये. वाक्ये गोळा करण्यासाठी देशभरच्या वाचकांना आवाहन झाले. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये तिशीतच वारले. दुसरे फर्निव्हल. माणूस उत्साही, पण दहा कामे एकदम हाती घेणारा. त्यांनी एकेका साहाय्यकाकडे एकेका अक्षराच्या, किंवा एकाच आद्याक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या सोपवल्या. पुढे कुणी कंटाळले, कुणी गाव सोडले, कुणी जग सोडले. आणि चिठ्ठ्या जिथल्या तिथे पडून राहिल्या.

१ मार्च १८७९ रोजी मरे यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याशी करार केला. मुदत दहा वर्षे, पाने सुमारे सात हजार, रक्कम नऊ हजार पौंड. शाळेतली नोकरी चालू ठेवून फावल्या वेळात हे करायचे ठरले. मग फर्निव्हलकडून सामान आले. ते सामान म्हणजे दोन टनांच्या घरातल्या चिठ्ठ्या! एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण पिलांसह संसार मांडून बसलेली. 'एच'ने सुरू होणारे सगळे शब्द हरवले होते. ते इटलीत फ्लॉरेन्सला एका अमेरिकन गृहस्थाकडे सापडले. 'पी' आणि 'ए' या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द आयर्लंडमधल्या एका तबेल्यात मिळाले, तेही थोडेच, कारण बाकीच्या चिठ्ठ्यांवर तिथल्या लोकांनी चुली पेटवल्या होत्या.

घरात जागा नव्हती. म्हणून मरे यांनी शाळेच्या आवारात पन्हाळी पत्र्याची एक खोली उभारली, आत १,०२९ खण करून घेतले आणि तिला नाव दिले स्क्रिप्टोरियम. मध्ययुगातल्या मठांत साधू जिथे बसून पोथ्या उतरवीत त्या दालनाचे हे नाव. पत्र्याच्या शेडला मठाचे नाव! नव्या वाचकांसाठी त्यांनी आवाहन काढले; पुढील तीन वर्षे एक हजार वाचक हवे आहेत, असे त्यात होते. इंग्लंडमधून, अमेरिकेतून, वसाहतींतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. कामाची रीत अशी होती. वाचकाने पुस्तक वाचायचे आणि लक्षात राहण्याजोगा शब्द आला की अर्ध्या कागदाच्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात तो शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि शेवटी ते पूर्ण वाक्य उतरवायचे. खोलीत आल्यावर चिठ्ठ्या आधी अक्षरक्रमाने लावायच्या, मग नाम, क्रियापद अशा वेगळ्या करायच्या, मग सालवार. इथवरचे काम मुलेही करीत. मरे यांची स्वतःची मुले वयाप्रमाणे तासाला एका पेनीपासून मजुरी घेऊन चिठ्ठ्या लावीत आणि त्यातून खाऊचे पैसे मिळवीत. त्यांतला थोरला हॅरल्ड पुढे बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहून गेला, १९१३ मध्ये. आणि तो खेळ मूळ हिंदुस्थानचा हे त्याने त्यात साधार मांडले. बापाने शब्दांचे मूळ शोधले, लेकाने सोंगट्यांचे.

खरी कसोटी त्यापुढे. एका शब्दाच्या शेकडो चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांतून अर्थाची वंशावळ जुळवायची. मरे यांनी संपादित केलेल्या भागांतले दोन शब्द नमुन्यादाखल सांगते. डिअर म्हणजे हरिण, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोणतेही जनावर असा होता. हळूहळू तो शिकारीच्या एका जनावरापुरता आकसला. हे वाचले आणि मला आपला मृग आठवला. वेदांत मृग म्हणजे कोणताही रानटी पशू. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात आणि शिकारीला मृगया. आणि आपण मात्र मृग म्हटले की हरिणच डोळ्यांपुढे आणतो. एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले दोन शब्द दोन देशांत एकाच रीतीने आकसले! दुसरा शब्द हसी. हा मूळ हाउसवाइफ, म्हणजे गृहिणी. बोलण्यात झिजून त्याचे हसी झाले आणि झिजता झिजता त्याची शिवी झाली. घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावाची शिवी व्हायला किती पिढ्या लागल्या, हे त्या सालवार वाक्यांतून उघड्या डोळ्यांनी पाहता येते. कोश मत देत नाही. नुसती साले देतो. पण सालेही पुष्कळ बोलतात.

या कामात आपली मराठीही आहे. 'जे' हे अक्षर मरे यांच्याच वाट्याचे. त्यात जंगल या शब्दाचे मूळ त्यांनी हिंदी आणि मराठी असे दिले आहे आणि त्यापाठीमागचा संस्कृत जांगल, म्हणजे कोरडा, ओसाड प्रदेश, हाही नोंदवला आहे. आज आपण ज्याला घनदाट म्हणतो ते एकेकाळी उजाड होते तर! मुंगसाचे इंग्रजी नावही मराठीवरूनच गेले. ते अक्षर मात्र दुसऱ्या संपादकाकडे होते.

पाच वर्षांनी मुंगीपर्यंत पोचल्यावर दहा वर्षांत कोश पुरा होणार नाही हे सर्वांना कळून चुकले. छापखान्याचे अधिकारी अस्वस्थ झाले. बेंजामिन जॉवेट हे ऑक्सफर्डचे बडे प्रस्थ. त्यांनी मरे यांच्या प्रस्तावनेत परस्पर फेरफार केले, वाक्यांसाठी कोणते ग्रंथ घ्यावे याचे नियम घालून दिले. वर्तमानपत्रांतली वाक्ये घेऊ नयेत असा आग्रह होता. मरे ऐकेनात, कारण नवा शब्द आधी वर्तमानपत्रात येतो आणि मग ग्रंथात, हे त्यांना दिसत होते. प्रकरण राजीनाम्याच्या टोकाला गेले. मदतनिसांचे पगार त्या नऊ हजारांतूनच भागवायचे असल्यामुळे पैसाही संपत आला. स्नेह्यांनी हात दिला म्हणून निभावले. अखेर तडजोड झाली. नवल म्हणजे ते जॉवेट पुढे जिवलग स्नेही झाले आणि मरे यांनी आपल्या सर्वांत धाकट्या मुलाच्या नावात त्यांचे नाव घातले.

१८८५ मध्ये शाळा कायमची सोडून मरे ऑक्सफर्डला बॅनबरी रोडवर राहायला गेले. तिथे परसात दुसरी पत्र्याची खोली बांधली. पण शेजारच्या प्राध्यापकांच्या खिडकीतून ती दृष्टीस पडू नये म्हणून तिला जमिनीत तीन फूट खोल बसवावे लागले. परिणाम असा की हिवाळ्यात ओल आणि गारठा. गवतावर पडणारे दंव पायांत शिरे. पाय गारठू नयेत म्हणून ते खोक्यात घालून बसावे लागे. जगातला सर्वांत मोठा इंग्रजी कोश खड्ड्यात बसून लिहिला गेला, आणि तोही कुणाच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून! लांब पांढरी दाढी, डोक्यावर पदवीची काळी टोपी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत चिठ्ठ्या. पत्रे इतकी येत-जात की टपालखात्याने घरासमोर लाल पेटी बसवली. पाकिटावर नुसते मरे, ऑक्सफर्ड एवढे लिहिले तरी पोचत असे.

आणि ही पत्रे लिहिणारे कोण? टॉमस ऑस्टिन नावाच्या एका वाचकाने सुमारे १,६५,००० वाक्ये पाठवली. एडिथ टॉमसन आणि तिची बहीण यांनी पंधरा हजारांच्या आसपास. फिट्सएडवर्ड हॉल हे अमेरिकन संस्कृत पंडित तरुणपणी काशीच्या पाठशाळेत शिकवीत होते. पुढे इंग्लंडच्या एका खेड्यात एकांतवासात राहून त्यांनी वीस वर्षे, रोज तासन्‌तास, मुद्रिते तपासून दिली. मरे यांची आणि त्यांची एकदाही भेट झाली नाही. सर्वांत प्रसिद्ध झाली ती डॉ. मायनर यांची हकीकत. सिलोनमध्ये जन्मलेला हा अमेरिकन लष्करी डॉक्टर. मनाचा तोल गेला होता. १८७२ मध्ये लंडनमध्ये, कुणीतरी आपल्या पाठीवर आहे या भ्रमात, त्याने जॉर्ज मेरेट नावाच्या कामगाराला गोळी घातली आणि मग त्याला ब्रॉडमूरच्या मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळात ठेवले गेले. तिथून त्याने सुमारे वीस वर्षे कोशाला वाक्ये पुरवली. त्याची पद्धत इतरांहून वेगळी होती. सध्या कोणत्या आद्याक्षरांचे शब्द चालू आहेत हे तो विचारी आणि आपल्या याद्यांतून नेमकी तेवढीच वाक्ये पाठवी. दारात जाईपर्यंत तो कोण हे मरे यांना ठाऊकच नव्हते, अशी एक चटकदार कथा सांगतात. ती खरी नाही. १८९१ मध्ये मरे त्याला प्रथम भेटले तेव्हा त्यांना सर्व माहीत होते, आणि तरीही ते पुन्हा पुन्हा जात राहिले. १९१० मध्ये त्याला मायदेशी जाऊ द्यावे म्हणून त्यांनी खटपटही केली. मला या हकीकतीत मरे यांच्याइतकीच मेरेटची बायको दिसते. नवरा गेला, पदरात मुले. आणि तीही काही काळ त्या इस्पितळात जाऊन नवऱ्याच्या मारेकऱ्याला पुस्तके नेऊन देत होती. तिच्याविषयी आणखी वाचायला मिळावे असे फार वाटते.

पुढची वर्षे झपाट्याने सांगता येतील, जगताना ती तशी गेली नसावीत. १८८८ मध्ये हेन्री ब्रॅडली स्वतंत्र संपादक झाले; पुढे क्रेगी आणि ऑनियन्स आले. अक्षरे वाटून घेतली गेली. मरे यांच्याकडे ए ते डी, एच ते के, ओ, पी आणि टी. एकूण कोशाचा जवळजवळ निम्मा भाग एकट्याचा. १८९७ मध्ये कोश व्हिक्टोरिया राणीला अर्पण झाला. १९०८ मध्ये मरे यांना सर हा किताब मिळाला. जगभरच्या विद्यापीठांनी पदव्या दिल्या. खुद्द ऑक्सफर्डने मात्र १९१४ पर्यंत वाट पाहायला लावली, आणि तिथल्या कोणत्याही कॉलेजाने त्यांना आपला फेलो करून घेतले नाही. शिंप्याचा मुलगा, पंथाने वेगळा, पदवी लंडनची. तीस वर्षे त्या गावात राहून, त्या गावाचे नाव जगातल्या प्रत्येक ग्रंथालयात नेऊन ठेवून, हा माणूस तिथे थोडा बाहेरचाच राहिला. त्यांनी स्वतः याचा फार बोभाटा केला नाही. मी त्यांच्या जागी असते तर केला असता.

१९१७ मध्ये आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाला कोश पुरा व्हावा अशी त्यांची इच्छा होती. तोवर आयुष्य पुरले नाही. २६ जुलै १९१५ रोजी फुप्फुसाच्या आजाराने ते वारले, तेव्हा हातात टी हे अक्षर होते. वुल्व्हरकोटच्या स्मशानभूमीत, चिनी भाषेचे पंडित जेम्स लेग या आपल्या मित्राच्या शेजारी त्यांना पुरले.

कोश पुरा झाला तो १९२८ च्या एप्रिलमध्ये. दहा वर्षांच्या करारातील कामाला एकोणपन्नास वर्षे लागली. ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांहून अधिक वाक्ये. त्या जूनमध्ये लंडनला मोठी मेजवानी झाली. तिथल्या पंगतीत बायकांना जागा नव्हती. मरे यांची मुलगी रॉसफ्रिथ, जिने वयाची पंचवीस-सव्वीस वर्षे कोशाच्या कामात घालवली होती, तिने तो समारंभ वरच्या सज्जात बसून पाहिला. मरे यांचे सर्वांत चांगले चरित्र पुढे १९७७ मध्ये त्यांची नात एलिझाबेथ हिने लिहिले.

आणि एक शब्द राहिला होता. १८८७ मध्ये 'बॅटर' ते 'बॉझ' हा भाग छापून झाल्यावर ध्यानात आले की बॉण्डमेड, म्हणजे दासी, गुलाम स्त्री, हा शब्द त्यात नाही. शब्द बायबलमधला, सर्वांच्या माहितीचा. त्याच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, लावल्या गेल्या होत्या आणि एवढ्या हातांखालून जाताना कुठेतरी गळून पडल्या होत्या. अलीकडचा पलीकडचा शब्द जागेवर, मधली दासी नाही. मरे यांना ही गोष्ट जन्मभर लागून राहिली. त्या शब्दाला जागा मिळाली ती १९३३ च्या पुरवणीत.